रंगलेल्या पाण्यावर तुसाचा उतारा कितपत?

कापडाला दिलेला सगळा रंग कापडावर राहत नाही. सुती कापडासाठी आज सर्वाधिक वापरले जाणारे 'रिअॅक्टिव्ह' रंग घेतले, तर रंगाच्या प्रकारानुसार आणि छटेनुसार त्यांचा दहा टक्क्यांपासून कधीकधी चाळीस टक्क्यांपर्यंतचा भाग धाग्याला न चिकटता धुण्याच्या पाण्याबरोबर निघून जातो. एक किलो कापडाच्या प्रक्रियेला साधारण शंभर लिटरच्या आसपास पाणी लागते. हे पाणी शेवटी नाल्याला, ओढ्याला आणि तेथून नदीला मिळते. लिटरभर पाण्यात एखादा मिलिग्रॅम रंग असला तरी तो नुसत्या डोळ्यांना दिसतो. म्हणूनच वस्त्रोद्योगाचे प्रदूषण लपत नाही आणि त्यावरचा लोकांचा रोषही लपत नाही.

या रंगावर एक स्वस्त आणि देशी उपाय असल्याचे गेली तीन दशके सातत्याने सांगितले जात आहे. भाताचे तूस, उसाचे चिपाड, लाकडाचा भुसा, नारळाचा काथ्या, संत्र्या-केळ्याच्या साली, भुईमुगाची टरफले, कपाशीच्या पऱ्हाट्या अशा शेतातल्या आणि कारखान्यातल्या टाकाऊ मालाला पाण्यातील रंग ओढून घेण्याची शक्ती असते, हे प्रयोगशाळांनी पुनःपुन्हा दाखवून दिले आहे. नव्वद टक्क्यांहून अधिक रंग निघाल्याचे निष्कर्ष या शोधनिबंधांत सर्रास आढळतात. मात्र देशातील प्रमुख वस्त्रनगरींमधील सामायिक सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प आजही मुख्यतः रासायनिक साकळण, जिवाणूंची प्रक्रिया आणि काही ठिकाणी पडदा-गाळण यांवरच चालतात. प्रयोगशाळेत यशस्वी ठरलेला उपाय कारखान्याच्या दारात का अडतो, हा प्रश्न म्हणूनच विचारायला हवा. त्याचे उत्तर केवळ 'सरकारी अनास्था' एवढे सोपे नाही.

रंग टिकाऊ, म्हणूनच त्रासदायक

विल्यम पर्किन या अवघ्या अठरा वर्षांच्या ब्रिटिश विद्यार्थ्याने १८५६ मध्ये कोळशाच्या डांबरापासून मिळालेल्या द्रव्यातून पहिला व्यापारी कृत्रिम रंग तयार केला. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९५६ मध्ये, धाग्याशी थेट रासायनिक बंध जोडणारे रिअॅक्टिव्ह रंग बाजारात आले. धुतले तरी जाऊ नये, उन्हात विटू नये, घामाने उतरू नये, हेच या शंभर वर्षांच्या संशोधनाचे ध्येय होते. ते साध्य झाले. पण जो रंग उन्हाला, साबणाला आणि घामाला दाद देत नाही, तो नदीतल्या जिवाणूंनाही सहजी दाद देत नाही, ही त्या यशाची दुसरी बाजू आहे.

रिअॅक्टिव्ह रंगाच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. धाग्याशी बंध जोडण्याऐवजी त्याचा काही भाग पाण्याशीच संयोग पावतो. असा 'मेलेला' रंग पुन्हा कापडाला लावता येत नाही. तो टाकून देण्यावाचून गत्यंतर नसते. कृत्रिम रंगांतील सर्वांत मोठा वर्ग असलेल्या 'अझो' रंगांचे भरपूर प्राणवायू असलेल्या टाकीत नीट विघटन होत नाही, तर प्राणवायू नसलेल्या गाळात त्यांतील काहींपासून कर्करोगकारक अमाइन द्रव्ये तयार होऊ शकतात. याच कारणाने जर्मनीने १९९४ मध्ये अशा काही रंगांवर बंदी घातली आणि भारतानेही १९९० च्या दशकात शंभराहून अधिक रंगांना मनाई केली. शिवाय रंगीत पाण्यात सूर्यप्रकाश खोलवर पोहोचत नाही. त्यामुळे शेवाळापासून माशांपर्यंतची सगळी साखळी बिघडते.

केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१६ मध्ये वस्त्रोद्योगाच्या सांडपाण्यासाठी सुधारित मानके अधिसूचित केली, तेव्हा रंगासाठीही १५० एककांची मर्यादा घालून दिली. पाणी 'दिसायला' स्वच्छ असणे ही त्यामुळे आता कायदेशीर गरजही झाली आहे.

तूस रंग कसा पकडते?

घन पदार्थाच्या पृष्ठभागावर द्रवातील कण चिकटून बसण्याच्या क्रियेला अधिशोषण म्हणतात. लाकडी कोळसा द्रवातील रंग ओढून घेतो, हे टोबियास लोविट्झ या रसायनशास्त्रज्ञाने १७८५ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे नोंदवले. साखर कारखान्यांनी रस पांढरा करण्यासाठी पुढे कोळशाचा हाच गुण वापरला. विसाव्या शतकात आयर्विंग लँगम्यूर यांनी १९१८ मध्ये या क्रियेचे गणित मांडले. आजही तुसावरचा कोणताही शोधनिबंध त्यांच्या समीकरणाशिवाय पुरा होत नाही.

वनस्पतींचा सांगाडा सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन यांचा बनलेला असतो. त्यांच्यावर हायड्रॉक्सिल आणि कार्बॉक्सिल गट असतात. साध्या पाण्यात या गटांमुळे वनस्पतीच्या पृष्ठभागावर बहुधा ऋण विद्युतभार येतो. धनभारित रंगाचे रेणू त्याकडे ओढले जातात. चुंबकाने लोखंडाचा कीस ओढावा, तशीच ही स्थूल कल्पना. काही प्रमाणात रेणूंमधील इतर आकर्षणेही मदतीला असतात.

भारतीय संशोधकांनी या क्षेत्रात लवकर आणि भरीव काम केले आहे. कोइमतूरच्या भारतियार विद्यापीठात सी. नामसिवायम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकापासून संत्र्याच्या साली, केळीच्या खांबातील गाभा आणि काथ्याचा भुसा यांवर प्रयोग केले. हिस्सारच्या गुरू जांभेश्वर विद्यापीठातून शिसवीच्या भुशावरचे, तर रुरकीच्या आयआयटीतून साखर कारखान्यांच्या राखेवरचे काम प्रसिद्ध झाले. ग्रेगोरियो क्रिनी या फ्रेंच संशोधकाने २००६ मध्ये अशा स्वस्त शोषकांचा जो विस्तृत आढावा घेतला, त्यातही भारतीय प्रयोगांना मोठे स्थान मिळाले. देशात ज्ञानाचा तुटवडा आहे, असे म्हणण्यास त्यामुळे जागा नाही.

प्रयोगशाळेतला निळा, रंगखान्यातला लाल

खरी मेख वेगळीच आहे. या प्रयोगांत सर्वाधिक वापरला जाणारा रंग म्हणजे मिथिलिन ब्लू. तो सहज मिळतो, त्याचे मोजमाप सोपे असते आणि मुख्य म्हणजे तो धनभारित असल्याने कोणत्याही वनस्पतिजन्य भुशाला चटकन चिकटतो. त्यामुळे निष्कर्ष उत्तम येतात. परंतु सुती कापडाच्या रंगखान्यात वापरले जाणारे रिअॅक्टिव्ह आणि डायरेक्ट रंग हे ऋणभारित असतात. ऋणभारित तूस आणि ऋणभारित रंग एकमेकांना दूर सारतात. जे तूस मिथिलिन ब्लूचा फडशा पाडते, तेच लाल रिअॅक्टिव्ह रंगासमोर हात टेकते.

यावर उपाय नाहीत असे नाही. पाणी आम्लधर्मी केले तर पृष्ठभागाचा भार बदलतो. पण रंगखान्याचे पाणी सोड्यामुळे अल्कधर्मी असते. ते आधी आम्लात न्यायचे आणि सोडण्यापूर्वी पुन्हा उदासीन करायचे, तर रसायनांचा खर्च दुप्पट होतो. दुसरा मार्ग म्हणजे भुशावर रासायनिक प्रक्रिया करून त्याच्या पृष्ठभागावर धनभारित अमाइन गट बसवणे. तो प्रयोगशाळेत यशस्वी ठरला आहे. मात्र त्यासाठी लागणारी रसायने स्वस्त नाहीत आणि निरुपद्रवीही नाहीत. तिसरा मार्ग भुसा जाळून त्याचा सक्रिय कार्बन करण्याचा. त्यात भट्टी, इंधन आणि वाफ किंवा आम्ल लागते आणि कच्च्या मालाचा मोठा भाग धूर होऊन जातो. 'फुकटचा' भुसा प्रत्येक पायरीवर थोडा थोडा महाग होत जातो, तो असा.

कच्चा भुसा थेट पाण्यात टाकण्याचाही एक तोटा आहे. त्यातील टॅनिनसारखी द्रव्ये पाण्यात उतरतात. कृत्रिम रंग कमी होतो, पण पाण्याला पिवळसर झाक येते आणि त्यातील सेंद्रिय भार वाढतो. म्हणजे एक मानक साधताना दुसरे हातचे जाते.

हिशेब टनांचा

शोधनिबंधांत आकडे ग्रॅममध्ये असतात, वस्त्रनगरीत ते टनांत मोजावे लागतात. समजा एखाद्या शहरातील रंगखान्यांतून रोज एक कोटी लिटर पाणी बाहेर पडते आणि त्यात लिटरला १०० मिलिग्रॅम रंग आहे. म्हणजे रोज एक हजार किलो रंग काढावा लागेल. एक ग्रॅम शोषक ५० मिलिग्रॅम रंग धरतो असे धरले, तर रोज २० टन शोषक पुरेल. पण ही क्षमता बहुधा दाट द्रावणातील, एकाच रंगाच्या प्रयोगातील असते. प्रत्यक्षात पाणी अगदी फिके करायचे असते आणि त्यात रंगांखेरीज मीठ, साबण, खळ आणि इतर रसायने असतात. त्यांच्या गर्दीत क्षमता घटून ग्रॅमला १० मिलिग्रॅमवर आली, तर तेच काम करायला रोज १०० टन माल लागेल. तूस हलके असते. त्याचे १०० टन म्हणजे साधारण एक हजार घनमीटर ढीग. तो रोज आणायचा, साठवायचा, पाण्यात घालायचा आणि दुप्पट-तिप्पट वजनाचा ओला चिखल म्हणून रोज बाहेर काढायचा. हे आकडे उदाहरणादाखल असले, तरी प्रश्नाचे आकारमान त्यावरून लक्षात यावे.

'टाकाऊ' कोणाच्या लेखी?

शेतीतला माल टाकाऊ आहे हे गृहीतकही तपासायला हवे. साखर कारखान्यात उसाच्या वजनाच्या २८ ते ३० टक्के चिपाड निघते. पण ते उकिरड्यावर जात नाही. कारखान्याचे बॉयलर त्यावरच चालतात आणि सहवीजनिर्मिती प्रकल्प सुरू झाल्यापासून तर त्याला चांगला भाव आला आहे. भाताचे तूस भात गिरण्यांच्या आणि इतर उद्योगांच्या भट्ट्यांत जळते. उसाचे पाचट शेतातच कुजवावे, जाळू नये, असा कृषी विभागाचा आग्रह असतो आणि जमिनीच्या आरोग्याच्या दृष्टीने तो रास्तही आहे. विदर्भातील कपाशीच्या पऱ्हाट्यांपासून पार्टिकल बोर्ड करण्याचे तंत्र मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने विकसित केले आहे. ग्रामीण घरांत त्या चुलीतही जातात.

एखाद्या मालाला गिऱ्हाईक नाही तोवरच तो फुकट असतो. रंगखान्यांनी त्याची मागणी सुरू केली की त्याला भाव येणार आणि वाहतुकीचा खर्च त्यावर चढणार. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही चांगलीच गोष्ट ठरेल. पण मग 'स्वस्त शोषक' या शब्दातील पहिला शब्द गळून पडतो.

शेतमालाच्या अवशेषांपैकी बाजाराच्या कसोटीला ठामपणे उतरलेली वस्तू म्हणजे नारळाची करवंटी. तिच्यापासून होणारा सक्रिय कार्बन दक्षिण भारतातून निर्यात होतो आणि घरगुती जलशुद्धीकरण यंत्रांतही वापरला जातो. मात्र त्याची छिद्रे अतिसूक्ष्म असतात. वास आणि क्लोरीन काढायला ती उत्तम, पण रंगाच्या मोठ्या रेणूंना त्यांत शिरायला अडचण होते. एका जागी चाललेला उपाय दुसरीकडे जसाच्या तसा चालत नाही, याचे हे बोलके उदाहरण.

रंग गेला, मीठ राहिले

रिअॅक्टिव्ह रंग कापडावर चढावा म्हणून रंगाच्या टाकीत लिटरला ३० ते ८० ग्रॅम मीठ घातले जाते. हे जवळजवळ सगळे मीठ सांडपाण्यात उतरते. तूस, चिपाड किंवा सक्रिय कार्बन, यांपैकी काहीही मीठ काढू शकत नाही. म्हणजे उपाय पूर्ण यशस्वी झाला तरी बाहेर पडणारे पाणी काचेसारखे दिसेल आणि शेताला मात्र मारक ठरेल.

हा धोका केवळ पुस्तकी नाही. तमिळनाडूतील तिरुपूरच्या रंगखान्यांचे पाणी नोय्यल नदीत जात असे. त्या नदीवर सिंचनासाठी बांधलेल्या ओरथुपाळयम धरणात असे पाणी साठले की, ते सोडू नका, अशी मागणी खालच्या शेतकऱ्यांनाच करावी लागली. अखेर मद्रास उच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये तिरुपूरचे रंगखाने बंद करण्याचा आदेश दिला. सांडपाण्याचा थेंबही बाहेर जाऊ नये ही अट पाळण्यासाठी तेथील प्रकल्पांनी रिव्हर्स ऑस्मोसिस आणि बाष्पीभवनाची महागडी यंत्रणा उभारली. पाणी आणि काही प्रमाणात मीठही पुन्हा वापरात आले, पण त्याची किंमत मोठी होती. लहान रंगखान्यांना ती पेलणे विशेष जड गेले. रंग हा या प्रदूषणाचा दिसणारा भाग आहे, सगळा भाग नाही, हा तिरुपूरचा धडा आहे.

वापरलेल्या भुशाचे काय?

अधिशोषणाने रंग नष्ट होत नाही, तो फक्त पाण्यातून भुशात जातो. रंगाने भरलेला ओला भुसा उघड्यावर टाकला, तर पहिल्या पावसात तो रंग पुन्हा ओढ्यात. जाळायचा, तर तो नीट वाळवून योग्य तापमानाच्या भट्टीतच जाळावा लागेल, अन्यथा पाण्याचे प्रदूषण हवेत जाईल. सिमेंटच्या भट्ट्यांत इंधन म्हणून त्याचा वापर हा एक व्यवहार्य मार्ग आहे. २००० च्या सुमारास उत्तर आयर्लंडमधील अल्स्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी आणखी एक कल्पना मांडली. रंग शोषलेल्या भुशावर लाकूड कुजवणारी पांढरी बुरशी वाढवायची आणि तिच्याकडून रंगाचे विघटन करवून घ्यायचे, अशी ती कल्पना. निसर्गाच्या रीतीला धरून असलेला हा विचार आकर्षक आहे. पण बुरशीला वेळ लागतो, जागा लागते आणि रोज टनावारी येणारा चिखल थांबत नाही.

मग उपयोग कुठे?

एवढ्या अडचणींची यादी वाचून हा उपायच निकाली काढणे मात्र चुकीचे ठरेल. सगळ्या वस्त्रनगरीचा भार त्याच्यावर टाकू नये, इतकेच या चर्चेचे सार आहे. त्याची जागा नेमकी ओळखली तर तो उपयोगी पडू शकतो.

पहिली गोष्ट, रंगाच्या टाकीतले दाट, खारट पाणी आणि नंतरच्या धुण्याचे फिके पाणी कारखान्यातच वेगळे ठेवायला हवे. फिक्या पाण्यात मीठ कमी असते. त्यातील उरलासुरला रंग काढण्यासाठी, जैविक प्रक्रियेनंतरची शेवटची पायरी म्हणून, शोषकाचा थर वापरता येईल. ते पाणी पुन्हा धुण्यासाठी घेता आले तर रंगखान्याचाही पैसा वाचेल. दुसरी गोष्ट, लोकर, रेशीम किंवा अॅक्रिलिक धाग्यांच्या छोट्या रंगखान्यांत वेगळ्या प्रकारचे रंग असतात. अॅक्रिलिकसाठीचे रंग तर धनभारितच असतात. तेथे साधा भुसाही काम करू शकतो. तिसरी गोष्ट, शोषक म्हणून ज्याला दुसरे चांगले गिऱ्हाईक नाही, असाच माल निवडावा. साखर कारखान्यांच्या बॉयलरमधून निघणाऱ्या राखेत न जळालेला कार्बन असतो आणि तिची विल्हेवाट हीच कारखान्यांची डोकेदुखी असते. ऊसपट्ट्यातील वस्त्रनगरीला ती दाराशीच मिळू शकते.

या दृष्टीने इचलकरंजीकडे पाहण्याजोगे आहे. यंत्रमागांच्या या शहराभोवती उसाचे मळे आणि साखर कारखाने आहेत. पंचगंगा शहराला लागून वाहते आणि पुढे नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. पंचगंगेचे दुखणे एकट्या रंगखान्यांचे नाही. कोल्हापूरसह काठच्या गावांचे मैलापाणी आणि साखर उद्योगाचे सांडपाणी यांचाही त्यात मोठा वाटा आहे. २०१२ मध्ये शहरात काविळीची जी साथ आली, तीही रंगामुळे नव्हे, तर मैल्याने दूषित झालेल्या पाण्यामुळे. पण परिणाम सगळ्यांचा मिळून एकच झाला. दारात नदी असताना इचलकरंजीला पिण्यासाठी दूरच्या नद्यांकडे पाहावे लागले. दूधगंगेवरील सुळकूड योजनेवरून कागल परिसरातील शेतकरी आणि इचलकरंजीकर एकमेकांसमोर उभे ठाकले, तेही यातूनच. एका नदीच्या प्रदूषणाची किंमत दुसऱ्या नदीकाठच्या शेतकऱ्याने का द्यावी, हा त्यांचा सवाल गैरलागू म्हणता येणार नाही.

अशा शहरात विद्यापीठे, साखर कारखाने आणि सामायिक प्रक्रिया प्रकल्प यांनी एकत्र येऊन राखेच्या वा तुसाच्या शोषकाची चाचणी घेतली, तर तिला अर्थ आहे. मात्र तिच्या अटी स्पष्ट हव्यात. चाचणी मिथिलिन ब्लूच्या द्रावणावर नव्हे, तर प्रत्यक्ष सांडपाण्यावर व्हावी. ती तासाभराची नव्हे, तर सर्व हंगामांतून जाणारी असावी. रंगाबरोबर मीठ, सेंद्रिय भार आणि विषारीपणा यांचेही मोजमाप व्हावे. घनमीटरमागे खर्च किती आणि वापरलेला माल कोठे गेला, हे जाहीर व्हावे. संशोधनासाठी सार्वजनिक पैसा देणाऱ्या संस्थांनीही आता आणखी एका सालीवरच्या आणखी एका निबंधाऐवजी अशा चाचण्यांना प्राधान्य द्यायला हवे.

स्वस्त उपायाच्या आश्वासनात एक धोका नेहमीच दडलेला असतो. तो येणार म्हणून हातात असलेला, थोडा महाग उपाय लांबणीवर टाकला जातो. प्रक्रिया प्रकल्पांची क्षमता वाढवणे, ते रात्रीही चालू ठेवणे, रंगखान्यात मीठ आणि पाणी कमी लागेल अशी यंत्रे आणणे आणि मानके मोडणाऱ्यांवर वेळेत कारवाई करणे, ही कामे कोणत्याही तुसाची वाट न पाहता आजच करता येण्याजोगी आहेत. ती झाली, तर शेवटच्या पायरीवर राख आणि तूस आपले काम करतील. ती झाली नाहीत, तर खालच्या गावांच्या वाट्याला येणाऱ्या पाण्याचा रंग कदाचित बदलेल, चव बदलणार नाही.